न झटकलेला पारा

शमीम गेल्याची बातमी मला बंगळुरूहून कळली. मी इथं संभाजीनगरात, सिडकोत, ती शहागंजात, मधे स्कूटरनं जाण्यासारखं अंतर... आणि बातमी आली बंगळुरूहून. कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. बाहेरून आलेले परीक्षक एका मुलीला डायोडचं काहीतरी खोदून खोदून विचारत होते आणि टेबलावर माझा फोन थरथरत होता. ‘अनुराधा बंगळुरू’ हे नाव बघून माझ्या कपाळाला आठी पडली, ती नेहमीचीच. हिला आता काय पाहिजे, असं मनात म्हणत मी व्हरांड्यात गेले. ती रडत होती. रडत रडतच तिनं सांगितलं. त्यावर मी काय विचारावं? विचारलं, “तुला कुणी कळवलं?” अर्ध्या आयुष्याची मैत्रीण गेली आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो हा.

नंतर उलगडा झाला तो असा. घरात शमीमची भावजय रेश्माभाभी एकटीच होती. घाबरून तिनं शमीमचाच फोन उचलला आणि सगळ्यात वरचं नाव दाबलं. वर अनुराधा होती. माझं नाव कुठंतरी लई खाली असणार, कारण मी फोन करतच नव्हते, मी रोज समोर जाऊन बसत होते. हे मला दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सुचलं. व्हरांड्यात सुचलं असतं तर जरा बरं झालं असतं. मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. पुरुषमंडळी तिला घेऊन निघाली आणि मी भाभीजवळ जिन्याच्या पायरीवर बसून राहिले.

गेलेल्या माणसावरचे असे लेख लोक मोठ्या मनानं लिहितात. माझं मन तेवढं मोठं नाही, हे शमीमला चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे आता तिच्या माघारी आव आणण्यात अर्थ नाही. मला तिचा हेवा वाटायचा आणि तिच्या आसपासच्या माणसांचा त्याहून जास्त. ती गेली म्हणून तो थांबला असं काही झालेलं नाही. शोकसभेत लोक ‘आमच्या शमीमताई’ म्हणत होते तेव्हा मी प्रत्येकाकडं निरखून बघत होते, की हा कोण, आणि ह्याची ही कधी झाली.

आम्ही भेटलो विद्यापीठात, एम.एस्सी.ला. मी कन्नड तालुक्यातली, घरी ऊस आणि मका, एस.टी.च्या टपावर वळकटी टाकून वसतिगृहात आलेली. ती शहरातलीच, तिचे अब्बा शहागंजात एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होते. प्रयोगशाळेतल्या जोड्या हजेरीपटाप्रमाणे लावल्या आणि शिंदेंनंतर शेख येतात म्हणून सुलभा शिंदेला शमीम शेख मिळाली. पहिल्याच प्रयोगाला तिनं अट घातली. सूक्ष्मदर्शकाच्या बारीक पट्टीवरचा आकडा आधी एकीनं बघायचा आणि गप्प बसायचं. मग दुसरीनं बघायचा. मग दोघींनी एकदम बोलायचं. जुळला तर मांडायचा, नाही जुळला तर दोघींचाही सोडून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. बाकीच्या जोड्यांमधे एकानं बघितलं, दुसऱ्यानं मांडलं, की झालं; ती पोरं कँटीनला जाऊन चहा पिऊन यायची तरी आमचं चाललेलंच.

वेळ जायचा त्याचं मला काही नव्हतं. मला चीड यायची ती दुसऱ्याच गोष्टीची. आकडा जुळला नाही की मला छडा लावायचा असायचा, चुकलं कोण? बहुतेक वेळा मीच बरोबर असणार अशी माझी खात्री असायची. मी म्हणायचे, थांब, पट्टी हलवू नको, बघू दे कुणाचं बरोबर होतं. तिनं तोवर स्क्रू फिरवून टाकलेला असायचा.

“चुकी कुणाची ते इचारायचं नाय, सुली,” ती म्हणायची. “दोन्ही सोडायचे. कायकू उकरत बसती?”

ती चिडायचीही नाही, हे आणखी वर. तिचा हात स्थिर, माझा थरथरता. तिला मार्क जास्त, ते एक वेळ सोडा. एका सुट्टीत ती माझ्याबरोबर कन्नडला आली तर माझ्या आईनं तिला वावरात फिरवलं, तिच्याशी तासभर गप्पा मारल्या आणि निघताना शेंगांची पिशवी तिच्या हातात दिली. माझ्या नाही, तिच्या! एस.टी.त मी खिडकीकडं तोंड करून बसले. थोड्या वेळानं पिशवी माझ्या मांडीवर आली. “घे. तुझी आई तुझीच हाय,” ती म्हणाली. तिला कळलं होतं याचा मला इतका राग आला की उतरेपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. शेंगा मात्र वाटेतच आम्ही दोघींनी मिळून संपवल्या.

तिच्या घरी उलट चालायचं. मी आले की तिची अम्मी खास माझ्यासाठी खिचडी-खट्टा करायची, अब्बा दवाखान्यातून येताना माझ्या आवडीची जिलेबी आणायचे, आणि शमीम आपली मजेत बघत बसायची. तिला कधी काही वाटलंच नाही. हेच मला सलायचं. माझा हेवा करावा असं माझ्याजवळ काही नसेल म्हणूनच वाटत नसेल ना, असं मनात यायचं... आणि मग त्याबद्दलही मी तिच्यावरच धुसफुसायचे.

पुढं ती पीएच.डी.ला गेली, मग परदेशी, मग बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत. मी इथल्याच कॉलेजात लागले, लग्न झालं, मुलगी झाली. ती एकेकटा इलेक्ट्रॉन धरून त्याला प्रश्न विचारत होती आणि मी फळ्यावर खडूनं इलेक्ट्रॉनचा गोल काढून त्यात वजाचं चिन्ह भरत होते. तिचं लग्न राहून गेलं, तिनं त्याची खंत केली नाही. दरवर्षी सुट्टीत यायची, माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहायची आणि मी पोळ्या लाटत असताना तिचं काम मला समजावून द्यायची.

ते काम मला इथं सांगितलंच पाहिजे, कारण शोकसभेत सगळे नुसतं ‘क्वांटम’ म्हणून माना डोलावत होते. सिलिकॉनच्या कणभर तुकड्यात दोन इलेक्ट्रॉन असतात, आपापल्या खळग्यात बसलेले. त्यांना असं जुळवता येतं की एकाला काहीही विचारा, त्याच्या उत्तराचा दुसऱ्याच्या उत्तराशी मेळ बसतोच. आधी ठरवून ठेवलेलं उत्तर दोघांजवळही नसतं, तरी बसतो. याला एंटँगलमेंट म्हणतात. वर्गात मी ‘गुंतणं’ म्हणते, शमीम नुसतं ‘जोड’ म्हणायची. कागदावर ही जोड पक्की असते, प्रयोगशाळेत कधीच नसते. आजूबाजूला दुसरे अणू असतात, विजेची थरथर असते, ऊब असते. इलेक्ट्रॉन त्यांच्याशीही थोडाथोडा गुंतत जातो, आणि जितका तिकडं गुंतला तितकी इकडची जोड पातळ होते. म्हणून ती मंडळी आपली चिप इतक्या थंडीत ठेवतात की त्यापुढं आपला फ्रीज म्हणजे भट्टीच.

तिनं सांगितलेलं एक वाक्य मात्र मी ताबडतोब उचललं. दोघं पूर्ण जुळले की तिसऱ्याशी गुंतायला त्यांच्यात जागाच उरत नाही, आणि हा निसर्गाचाच नियम आहे. मी लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, शमे, तुझ्या सगळ्या शास्त्रातला हा एकच नियम मला मनापासून पटला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“फिजिक्समधी बी तुला सवतच दिसती व्हय गं?”

दिसते. काय करणार? जोडीचा दर्जा सुधारायचा म्हणजे तिसऱ्याला हुसकून लावायचं, एवढं तर मला तिच्या विषयातलं पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण किती हुसकणार? थोडा तिसरा उरतोच. मग तिनं पुढची रीत सांगितली आणि माझी पोळी तव्यावर करपली. दोन पातळ जोड्या घ्यायच्या. प्रत्येक जोडीतला एकेक इलेक्ट्रॉन या टोकाला, एकेक त्या टोकाला. दोन्ही टोकांनी आपल्याजवळच्या दोघांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची, मग दुसऱ्या जोडीतला आपला इलेक्ट्रॉन मोजायचा. ती जोड त्यात खर्ची पडते. मग दोन्ही टोकांनी एकमेकांना साधा निरोप द्यायचा, माझं हे आलं, तुझं काय आलं? जुळलं तर उरलेली जोड ठेवायची, ती आधीपेक्षा चांगली निघते. नाही जुळलं तर दोन्ही टाकून द्यायच्या.

मी म्हटलं, हे तर आपलंच झालं, प्रयोगशाळेतलं. ती म्हणाली, हौ, आपलंच. ही रीत काही तिनं काढलेली नव्हती, जगात आधीच ठाऊक होती; इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांवर ती नीट चालवून दाखवायची हे तिचं काम. पण पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला मी आठवले होते म्हणे. मी लगेच विचारलं, मग न जुळल्यावर चूक कोणत्या जोडीत होती ते कळतं का? तिनं करपलेली पोळी तव्यावरून काढली. एक अट मात्र आहे, ती म्हणाली. हातातली जोड निम्म्याहून जरा तरी जास्त खरी पाहिजे. त्याच्या खाली असेल तर कितीही जोड्या खर्ची घाला, ती काही सुधारत नाही. आपली किती असेल गं, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गच्चीवर गेली.

तो फोन अनुराधाचा होता. वयानं आमच्याहून बरीच लहान, मूळची पुण्याची, शमीमच्याच गटात. मग काय, अनु म्हणते असं आहे, अनुला वाटतं तसं आहे... एवढंही मी सोसलं असतं. पण त्याच वर्षी मला कळलं की प्रयोगाचे आकडे हाती आले की या दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ते तपासतात, एकमेकींना काही सांगत नाहीत, आणि मग फोनवर एकदम बोलतात. जुळलं तर ठेवतात, नाही तर दोघी सोडून देतात. आमची रीत! माझ्याबरोबर, थरथरत्या हाताच्या सुलीबरोबर घोटलेली रीत तिनं उचलून दुसरीला दिली होती. त्या रात्री ह्यांनी मला विचारलं, काय झालं, जेवली का नाहीस. मी सांगितलं, डोकं दुखतंय. एवढ्या मोठ्या बाईनं याचं वाईट वाटून घ्यावं हे कुणाला सांगणार होते मी?

मग ती आजारी पडली. उपचार झाले, उतार पडला, पुन्हा उलटलं, आणि शेवटी बंगळुरूचं घर आवरून ती शहागंजला भावाकडं आली. अब्बा-अम्मी केव्हाच गेले होते. वरची खोली तिला मिळाली. अब्बांच्या औषधांच्या टेबलावर तिचा लॅपटॉप, खिडकीखाली बाजाराचा गलका. तिच्या दुखण्याची मला भीती वाटत होती हे खरं, आणि ती इथं आली याचा मला आनंद झाला हेही खरं. कॉलेज सुटलं की मी तडक तिकडं जायचे. भाभी चहा आणून द्यायची, शमीम उशीला टेकून अंगावर शाल घेऊन काम करत असायची. बंगळुरू लांब राहिलं होतं. मी जवळ होते.

तिला संध्याकाळी ताप चढायचा. घरात अब्बांच्या दवाखान्यातला पाऱ्याचा थर्मामीटर होता, काचेचा, स्टीलच्या नळकांड्यात ठेवलेला. असले आता दुकानात सहसा दिसत नाहीत. अनुराधानं कुरिअरनं डिजिटल पाठवला. तोंडात धरला की टिंग वाजतं आणि आकडा उमटतो, कुणीही वाचावा. शमीमनं तो एकदा वापरला, चांगला आहे म्हणाली आणि ड्रॉवरमधे ठेवून दिला. “याला दोघी लागत नाय,” ती म्हणाली, आणि अब्बांचा बाहेर काढला. पाऱ्याची रेघ डोळ्यांजवळ धरून, काच जराशी फिरवूनच दिसते. आधी ती बघायची, मग मी, आणि मग दोघी एकदम बोलायचो. जुळलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडा टाकायचे आणि पारा झटकून ठेवायचे. नाही जुळलं तर झटकून पुन्हा जिभेखाली. अंगात ताप असताना बाई तोंड मिटून हसायची. त्या दिवसांत मी सुखी होते, असं लिहिलं तर लोक काय म्हणतील ते म्हणोत.

एकदा मी तिला पेज भरवत होते आणि बंगळुरूहून फोन आला. तिनं सुचवलेल्या पद्धतीनं जोडीचा दर्जा वर गेला होता, त्यांना हवा होता तिथंवर. तिकडं अनुराधा ओरडत होती, इकडं शमीम डोळे पुसत होती, आणि मी मधे चमचा धरून बसलेली. इतका उजळलेला चेहरा तिचा मी माझ्यामुळे कधी बघितला नव्हता. फोन ठेवल्यावर तिला माझं तोंड दिसलंच. म्हणाली, पेज निवली का गं? मग जरा वेळानं, माझी समजूत काढावी तशी, या रीतीतलं एक वैगुण्य तिनं मला सांगितलं. एकच जोड बिघडली असेल तर आकडे जुळत नाहीत, पकडता येतं. पण दोन्ही जोड्यांत एकसारखीच चूक झाली तर आकडे जुळून येतात. आपण समजतो की सगळं ठीक, आणि ती जोड ठेवून घेतो.

“मग त्याला इलाज काय?” मी विचारलं.

“काय नाय. जुळलं तं ठेवायचं.”

शेवटच्या भेटीच्या वेळी थंडी चांगली होती. डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं होतं, आता दवाखान्याच्या खेपा नकोत, घरीच सांभाळा, ताप आला तर ही गोळी द्या. गोळी भाभीनं नुकतीच दिली होती. मी गेले तेव्हा शमीमचा हात हातात घेतला तर तवा. तिनं आपणहून थर्मामीटर मागितला, जिभेखाली धरला, वेळ भरल्यावर काढून चष्म्याजवळ नेला, सवयीप्रमाणे फिरवून बघितला आणि मला दिला. मी बघितला. पारा एकशे दोनच्याही पुढं दोन बारीक रेघा गेला होता. मला काय वाटलं सांगू? वाटलं, हिला हा आकडा पुन्हा माझ्या तोंडून ऐकवायचा नाही. आज नाही. तिनं मान हलवून खूण केली आणि आम्ही दोघी एकदम बोललो.

“नव्व्याण्णव.”

“नव्व्याण्णव.”

झटकल्याशिवाय पारा उतरत नाही. तिनं बघितला तोच मी बघितला होता. दुसरा आकडा त्या काचेत नव्हताच. दुसऱ्या दिवसापासून माझी प्रात्यक्षिकं होती, खरा आकडा निघाला असता तर मी रजा टाकून तिथंच बसले असते, म्हणून तिनं थाप मारली होती. ती घाबरू नये म्हणून मी थाप मारली होती. आणि अठ्ठ्याण्णव म्हटलं असतं तर समोरचीला पटलं नसतं, म्हणून दोघींनी थापही मोजून एकच निवडली. तिचे ओठ थरथरले. मला वाटलं रडते की काय, तर ती हसत होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं नाही की चूक कुणाची.

“जुळलं,” ती म्हणाली. “लिही.”

मी उठले आणि कॅलेंडरवर नव्व्याण्णव लिहिलं. मग तिनं मला हाकललंच, उद्या पोरांची परीक्षा हाय, जा आता. थर्मामीटर मी नळकांड्यात घातला, टेबलावर ठेवला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी मी परीक्षेला गेले. तिची थाप कामी आली.

चाळिसाव्या दिवशी अनुराधा आली. त्याच सकाळी विद्यापीठात शोकसभा झाली आणि तिथं ती चांगलं बोलली, हे मान्य केलं पाहिजे. पण बोलता बोलता तिनं ती रीत सांगितली, एकदम आकडा बोलायची, जुळला नाही तर दोन्ही सोडायची, ‘हे आम्ही रोज करायचो’ म्हणाली, आणि सभागृहातली माणसं डोळे पुसायला लागली. मी रुमाल पर्समधून काढलाच नाही. दुपारी शहागंजला तिच्या नावानं फातेहा पढली गेली, जेवणं झाली, आणि भाभीनं आम्हा दोघींना वर नेलं. म्हणाली, आपा के सामान में से जो जी चाहे ले लो, तुम दोनोंच तो थे उनके. दोघींच. माझ्या मनात आलं, आम्हा दोघींतला एकच आकडा बरोबर आहे.

अनुराधा टेबलापाशी उभी राहिली. पुस्तकांवरून हात फिरवला, शालीला हात लावला, आणि मग तिनं ते स्टीलचं नळकांडं उचललं. “हे मी नेऊ, सुलभाताई? मॅडम फोनवर याच्याबद्दल सांगायच्या. मी पाठवलेला त्यांनी वापरलाच नाही,” ती म्हणाली. झाकण काढून तिनं थर्मामीटर बाहेर घेतला. खिडकीच्या उजेडात काच फिरली आणि मला ती रेघ दिसली. एकशे दोन, आणि पुढं दोन बारीक घरं. त्या संध्याकाळी मी तो झटकलाच नव्हता! कॅलेंडरवर खोटं लिहायला उठले आणि खरं तसंच नळकांड्यात घालून आले होते. कुणाच्याही हातात पाऱ्याचा थर्मामीटर आला की हात जे आपोआप करतो ते अनुराधाचा हात करायला निघाला. दोन बोटांत पकडून तिनं मनगट वर उचललं.

मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असणार, कारण ती दचकली. “हा नाही,” मी म्हटलं. “हा माझा आहे.” माझा आवाज चढला होता, भाभी दारात थबकली. अनुराधानं थर्मामीटर माझ्या तळहातावर ठेवला आणि तिथंच पलंगाच्या काठावर बसून रडायला लागली. मग म्हणाली, खरं सांगू का, तुमचं नाव ऐकून ऐकून मी कंटाळले होते. आकडा जुळला नाही आणि मी चूक शोधायला लागले की मॅडम म्हणायच्या, सुलीसारखं नको करू. आणि नाही शोधली की म्हणायच्या, सुली असती तर सोडलं नसतं. मी काही केलं तरी तुम्ही होतातच. मला त्या पोरीची दया यायला हवी होती. मला लई बरं वाटलं. तिच्या पाठीवरून हात फिरवला तोही त्यामुळेच. ड्रॉवरमधला डिजिटल थर्मामीटर तिला काढून दिला, शाल दिली, पुस्तकं पोत्यात बांधून दिली. पारा का झटकू दिला नाही, ते मात्र मी तिला सांगितलं नाही. ते तिला आज हा लेख वाचूनच कळेल.

आता मला घोर आहे तो उन्हाळ्याचा. सकाळचे स्वेटर गेले, दुपारी डांबर मऊ व्हायला लागलंय. एप्रिल-मेमधे आपल्या शहराचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे त्या काचेवरच्या आकड्यांत एकशे चारच्याही वर. थर्मामीटर नुसता कपाटात राहिला तरी बंद खोलीतली हवाच त्याला वर ढकलेल, तिच्या तापाच्या पुढं नेऊन ठेवील, आणि मग त्या काचेत शमीम नसेल, फक्त संभाजीनगरचा उन्हाळा असेल. तिचे इलेक्ट्रॉन एवढ्या थंडीत का ठेवायचे ते मी पोरांना दरवर्षी शिकवते... आता स्वतःच्या घरी समजतंय. नळकांडं मऊ फडक्यात गुंडाळून फ्रीजच्या दारात, लिंबांच्या कप्प्यात ठेवलंय. परवा ह्यांनी विचारलं, थर्मामीटर फ्रीजमधे कशाला? मी म्हटलं, हात लावायचा नाही. लाइट गेली की मी आधी फ्रीजचं दार घट्ट आहे ना ते बघते, मग पंख्याचा विचार करते. संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर एकदाच ते बाहेर काढते, खिडकीशी नेते, काच फिरवून रेघ बघते, आणि एकटीच मोठ्यानं बोलते, “नव्व्याण्णव.” मग लगेच परत आत ठेवून दार लावते.